सव्वा किलोचं झाकण

माणसाने किती वजन उचलावं याचाही दाखला मिळतो, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं. दाखला दिला आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी. वयाने ती आमच्या मुलीपेक्षा चार वर्षांनी लहान आहे, पण माझी मनगटं तिच्या ताब्यात असल्यामुळे मी तिला बाईच म्हणतो. तिने माझी मनगटं इकडून तिकडून वाकवली, एक-एक किलोच्या वाळूच्या पिशव्या उचलायला लावल्या, माझा चेहरा पाहिला आणि कागदावर लिहिलं : दोन्ही हातांनी मिळून सव्वा किलोपर्यंत. खाली सही, तारीख आणि शिक्का.

हा शिक्का मला जरा लागला. मी चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. बाजारातले काटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर जप्त करून पंचनामा करायचा, यात माझी हयात गेली. भलेभले व्यापारी मला पाहून काट्यावर फडकं मारायला लागत. अशा माणसाला एका चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीने तपासून शिक्का मारावा, आणि तोही सव्वा किलोचा, म्हणजे अर्ध्या कलिंगडाच्याही खालचा, हे पचायला जड गेलं.

दाखल्यापर्यंत पाळी आली ती कुकरमुळे. मी निवृत्त झालो तेव्हा हिची नोकरी बाकी होती, अजूनही आहे. ही मुख्याध्यापिका आहे. तेव्हा स्वयंपाकघर मी ताब्यात घेतलं आणि खोटं कशाला बोलू, चार वर्षं उत्तम चालवलं. मग संधिवात मनगटात उतरला. एका दुपारी सूपने भरलेला कुकर शेगडीवरून ओट्यावर आणताना माझ्या हातून सुटला, हिच्या पायापासून वीतभर अंतरावर आपटला आणि फ्रिजपर्यंत गडगडत गेला.  हिने लादी पुसली, छतावरचं गाजर काढलं, आणि दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू केला. डब्यातली भाजी रोज नव्या नावाने यायची आणि रोज त्याच चवीची असायची.

दहा दिवसांनी मी बंड पुकारलं. स्वयंपाकघर परत हवं म्हणालो. शाळेत एखाद्या मुलाला दुसरी संधी देताना असतो तसा हिचा आवाज झाला.

"एक महिना देते. तुमचं तुम्हाला झेपेल असं काहीतरी शोधा. महिनाअखेरीस मुलगी आणि जावई येतायत. त्या दिवशीचं जेवण पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्ही एकट्याने करायचं, कोणी हात लावायचा नाही. जमलं तर स्वयंपाकघर तुमचं. नाही जमलं तर डबा कायमचा, आणि तुम्ही ओट्याजवळ फिरकायचं नाही."

बाईंना पंच म्हणून बोलावण्याचंही तिने तेव्हाच ठरवून टाकलं.

मी अभ्यासाला लागलो. नेहमीचा ओव्हन बाद, कारण त्यात वाकून तापलेला ट्रे ओढावा लागतो. शेवटी हॅलोजन ओव्हनवर माझी नजर स्थिरावली. हे प्रकरण ओट्यावर कोपराच्या उंचीला बसतं. एक मोठं काचेचं भांडं, त्यावर झाकण, आणि झाकणातच दिवा आणि पंखा. दिव्याच्या उष्णतेने आतलं भाजलं जातं. झाकणावरची दांडी खाली पाडली की दिवा लागतो, वर उचलली की विझतो. काचेचं भांडं जागचं हलवायचंच नाही, आतले पदार्थ चिमट्याने एकेक काढायचे. म्हणजे उचलायची वस्तू एकच, झाकण. सगळा प्रश्न झाकणाच्या वजनाचा होता, आणि वजन हा तर माझा प्रांत.

तळमजल्यावर वीज कार्यालयातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे वीजवालेच म्हणतात. त्यांना बातमी लागली आणि ते सल्ला घेऊन वर आले. सल्ले दोन होते. पहिला, आमच्या घरातल्या वायरी हे ओझं सोसणार नाहीत. दुसरा, घ्यायचंच तर बिजागरीचं झाकण असलेलं घ्या, म्हणजे उचलायचा प्रश्नच येत नाही, नुसतं मागे कलंडवायचं. मी त्यांना सांगितलं की ओट्यावर फळी आहे, कलंडलेलं झाकण तिला अडेल. हे खरंच होतं. पण त्याहून खरं हे की बिजागरीचं झाकण मला कुबडीसारखं वाटलं. उचलायचं तर उचलायचं, सव्वा किलोचा माझा अधिकार कागदावर होता आणि त्यातला एक ग्रॅमही मी सोडणार नव्हतो.

कंपनीच्या खोक्यावर झाकणाचं वजन लिहिलेलं नसतं. एकूण वजन लिहितात. ग्राहक काय एकूण वजन उचलतो? मी कंपनीला तसं कळवायला गेलो तर तिथे पत्राची सोयच नव्हती, नुसता तक्रारीचा अर्ज. त्यात तीन पर्याय : काच फुटली, दिवा लागत नाही, इतर. मी 'इतर' निवडलं. पुढे यंत्राचा क्रमांक सक्तीचा होता. माझ्याकडे यंत्र नव्हतं, म्हणून मी मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात मांडलेल्या नमुन्याचा क्रमांक उतरवून आणला आणि भरला. तिसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन एक कारागीर दारात उभा. दिवा दुरुस्त करायला आलो म्हणाला. माझ्याकडे दिवा नाही, ओव्हन नाही, मला फक्त झाकणाचं वजन हवंय, हे मी त्याला तीनदा समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि काम झाल्याची सही मागितली, नाहीतर त्याला पुन्हा यावं लागलं असतं. मी सही दिली. नोकरीत मी कधी न वाचता सही केली नव्हती, निवृत्तीनंतर माणूस ढिला पडतो.

मग मी शोकेसमधला ताणकाटा काढला. हा माझा सेवेतला काटा, वर आकडी आणि खाली आकडी असलेला, स्प्रिंगचा. निरोपसमारंभात कार्यालयाने त्याला पितळी पट्टी लावून तोच मला भेट दिला होता. घरात दुसरा काटा नव्हता. ज्याच्या घरी असा काटा आहे त्याने दुसरा कशाला ठेवायचा? तो हातात घेतला आणि जुने दिवस आठवले. एकदा मी एका भंगारवाल्याला पकडलं होतं. त्याचा ताणकाटा किलोमागे तीनशे ग्रॅम कमी दाखवायचा. तो सांगत होता, साहेब, आत गंज धरलाय, स्प्रिंग अडकते, मला माहीत नव्हतं. मी त्याला म्हणालो होतो की काटा वापरणाऱ्याला काट्याची हालत माहीत असायलाच हवी. हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढे नव्या निरीक्षकांच्या प्रशिक्षणात मी ते दरवर्षी ऐकवत असे. घरी किती वेळा ऐकवलं ते हिला विचारा.

काटा खिशात घालून मी त्या दुकानात गेलो. सगळे हॅलोजन ओव्हन दाखवा म्हणालो. दुकानदाराने हसत पाच मांडले. मग मी काटा बाहेर काढला आणि त्याचं हसू मावळलं. मी काही बोलायच्या आत त्याने माझी खुर्ची पुसली आणि घरचे सगळे मजेत आहेत असं न विचारता सांगितलं. पिशव्या टांगायच्या आकडीला मी काटा अडकवला आणि त्यालाच एकेक झाकण टांगायला लावलं. तो टांगत होता आणि मी वहीत आकडे लिहीत होतो. तेवढ्यात कोणीतरी बाहेरून पाहिलं असावं. पाच मिनिटांत शेजारच्या वाण्याने काट्याखालचा पुठ्ठा काढला, समोरच्या मासळीवाल्याने पारडं धुतलं आणि कोपऱ्यावरच्या सुकामेव्यावाल्याने सरळ शटर ओढलं. मी निवृत्त आहे हे मी दुकानदाराला स्पष्ट सांगितलं. जरा उशिरा सांगितलं, एवढंच. त्या दिवशी त्या रस्त्यावर गिऱ्हाइकांना पूर्ण वजन मिळालं आणि ते माझ्यामुळे मिळालं, याचा मला अजून अभिमान आहे.

चार झाकणं दीड किलोच्या आसपास भरली, बाद. पाचवं एक किलो दोनशे. दाखल्यापेक्षा पन्नास ग्रॅमने कमी. तेच मी घेतलं. तो नेमका तोच नमुना होता ज्याचा क्रमांक मी अर्जात भरला होता.

घरी खोकं उघडलं तर त्यात तापलेलं झाकण ठेवायची तारेची घडवंची नव्हती. मी कंपनीला कळवलं. उत्तर आलं की या यंत्राची तक्रार आधीच निवारण झाली आहे, दिवा दुरुस्त करून मिळाल्याची ग्राहकाची सही आहे, आणि हमीची एकमेव मोफत भेट वापरून झाली आहे. ही ते उत्तर वाचून इतकी हसली की तिला चष्मा काढून पुसावा लागला. मग मी भांडी निथळायची जाळी उपडी करून घडवंची केली. तिला जागा मिळाली ती ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, सिंकपलीकडे. म्हणजे दर वेळी झाकण उचलायचं, दोन पावलं चालायचं, जाळीवर ठेवायचं, आणि पुन्हा तसंच परत.

पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि फ्रिजसकट स्वयंपाकघर अंधारलं. फ्यूज उडाला होता. वीजवाले टॉर्च घेऊन आले, जवळजवळ आनंदाने आले. फ्रिज आणि ओव्हन वेगळ्या जागी जोडा म्हणाले, आणि मी काय सांगितलं होतं हे चार वेगवेगळ्या प्रकारे म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी पाव भाजायला ठेवला. पंख्याच्या वाऱ्याने पावाचा तुकडा उडाला आणि दिव्याला जाऊन चिकटला, घरभर धूर झाला. तिसऱ्या दिवशी बटाटे बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे. वेळ लावायची बटणं गुळगुळीत, माझ्या बोटांना पकड मिळेना, म्हणून त्यांना रबरबँड गुंडाळले. धुण्याची तर निराळीच कथा. भांड्यात साबणाचं पाणी भरून यंत्र मंद चालवलं की ते आपलं आपण धुतलं जातं, असं पुस्तकात लिहिलंय. पण मग ते पाणी काढायचं कसं? भरलेलं भांडं मला उचलायचं नव्हतं. मी चहाच्या कपाने उपसलं. सतरा कप. पुस्तक लिहिणाऱ्याचे हात धडधाकट असणार.

आणि झाकण. पहिला आठवडा ते मला फार जड वाटलं. मनगटं रात्रीपर्यंत ठणकत. बाईंना सांगितलं तर ती म्हणाली, काका, सव्वा किलोच्या आत असेल तर काही होणार नाही, सवय होईल. मी स्वतःला दम दिला. एक किलो दोनशे, अधिकृत वजन, शिक्क्याच्या माणसाने मोजलेलं, आणि तुला ते झेपत नाही? लाज वाटली. दुखलं तरी उचलत राहिलो. दिवसात सहा-सहा वेळा जाळीपर्यंत नेलं आणि आणलं. महिना संपत आला तेव्हा बटाटे आतून मऊ आणि बाहेरून खरपूस व्हायला लागले होते, आणि ठणका निम्म्यावर आला होता. एका संध्याकाळी हिने माझ्या ताटातला बटाटा उचलला, खाल्ला आणि दुसरा उचलला. मी मोजले, तिने चार खाल्ले.

ठरलेल्या दिवशी मुलगी आणि जावई आले, बाई आली, आणि वीजवाले न बोलावता आले, फ्यूजची काळजी वाटते म्हणाले. बाई एका पेशंटकडून थेट आली होती, खांद्याला वाळूच्या पिशव्यांची बॅग होती. सगळ्यांना स्वयंपाकघराच्या दारात खुर्च्या दिल्या. मी ॲप्रन बांधला. पहिली फेरी बटाटे आणि ढोबळी मिरची, दुसरी कोंबडीचे तुकडे, तिसरी केक. जावई भला माणूस आहे, मी झाकणाला हात घातला की तो खुर्चीतून उठायचा, आणि ही त्याच्या शर्टाला धरून त्याला खाली बसवायची. हे तीनदा झालं. मी दांडी उचलली, दिवा विझला, झाकण नेलं, ठेवलं, चिमट्याने एकेक तुकडा काढला. एकही खाली पडला नाही. केकचं छोटं भांडं आत सोडलं, झाकण परत आणून बसवलं, दांडी पाडली, आणि ताटं वाढली. इतकं छान वाटत होतं की मी वीजवाल्यांनाही दोनदा आग्रह केला.

जेवता जेवता बाई म्हणाली, "काका, एक विचारू? मघाशी झाकण जाळीवर होतं तेव्हा मी सहज उचलून पाहिलं. ते सव्वा किलो नाहीये."

मी हसलो. वजनाबद्दल मला कोणी शंका विचारली की मला दयाच येते. मी शोकेसमधला ताणकाटा आणून टेबलावर ठेवला, पितळी पट्टी तिच्या बाजूला येईल असा. झाकण तर केकवर होतं, ते काढता येत नव्हतं. तेव्हा बाईने बॅगेतून एक किलोची वाळूची पिशवी काढली आणि दाराच्या कडीला काटा अडकवून त्याला टांगली. काटा साडेसहाशेच्या जरा पुढे जाऊन थांबला.

मी म्हणालो, तुमची पिशवी खोटी आहे. बाजारातल्या वाळूच्या पिशव्या मी जन्मभर पाहिल्यात. ही उठली आणि न फोडलेला एक किलो साखरेचा पुडा घेऊन आली. तो टांगला. काटा पुन्हा साडेसहाशेच्या जरा पुढे. वीजवाल्यांनी काट्यावर टिचकी मारली, तशी आतून लाल भुकटी लादीवर सांडली. गंज होता.

 मग ही, साखरेचा पुडा जागेवर ठेवत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काटा वापरणाऱ्याला काट्याची हालत माहीत असायलाच हवी, असं कोणीतरी म्हणायचं."

मला तो भंगारवाला आठवला. त्याचा चेहरा, त्याचं 'माहीत नव्हतं', आणि माझं ते आवडतं वाक्य. तो खरं बोलत असेल हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं शरमल्यासारखं कधी झालं नव्हतं. बाई मात्र बोटांवर हिशोब करत होती.

"किलोला साडेसहाशे, पावणेसातशे. म्हणजे झाकण एक किलो आठशेच्या घरात. काका, तुम्ही महिनाभर एक किलो आठशे उचलताय."

त्याच क्षणी ओव्हनची घंटा वाजली. केक झाला होता.

आता खरी पंचाईत सुरू झाली. महिनाभर मी जे उचललं ते माझ्या मते एक किलो दोनशे होतं. एक किलो आठशे मी कधी उचललंच नव्हतं. दाखल्यात बसत नव्हतं ते. मी ओट्याशी गेलो, झाकणाकडे पाहिलं आणि पुढे केलेले हात मागे घेतले. मघापर्यंत ओळखीचं असलेलं ते झाकण मला परकं वाटलं. मागे जावयाची खुर्ची सरकली. मुलगी म्हणाली, बाबा, राहू द्या, हे काढतील. बाईही उठली. दाखला तिचा होता आणि जबाबदारी तिची होती.

"कोणी उठायचं नाही," ही म्हणाली. महिन्यापूर्वी मला अट घालताना होता तोच शाळेतला आवाज, पण या वेळी तो माझ्या बाजूने होता. "कुकर पडला तेव्हा मी घाबरले होते. आज नाही घाबरत. अहो, काढा तो केक, करपतोय."

मी दांडी उचलली. दिवा विझला. दोन्ही हात घातले आणि उचललं. ते जड होतं. एक किलो आठशे असतं तेवढं जड होतं, आणि ते माझ्या हातात होतं. मी दोन पावलं चाललो, जाळीवर ठेवलं, आवाजसुद्धा न होता ठेवलं. मग चिमट्याने केक काढला. कडेने जरासा करपला होता. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला केक होता आणि हे मी तोंडाने बोलून दाखवलं. मुलीने डोळे पुसले आणि धुराने असं सांगितलं. धूर अजिबात नव्हता. वीजवाले म्हणाले फ्यूज टिकला, आणि पहिल्यांदाच त्यात त्यांना आनंद दिसला.

बाईने तिथेच जुना दाखला फाडला आणि नवा लिहिला : दोन किलोपर्यंत. शिक्का तिच्या घरी होता, तो मी दुसऱ्या दिवशी जाऊन मारून आणला. मुद्दाम चालत गेलो.

परत आल्यावर मी ताणकाटा रीतसर जप्त केला. नमुन्याप्रमाणे पंचनामा लिहिला. वापरकर्ता : मी. दोष : गंजामुळे किलोमागे तीनशे ग्रॅमच्या वर कमी दाखवणे. वापरकर्त्याचं म्हणणं या रकान्यात 'मला माहीत नव्हतं' असं लिहिलं, आणि मी नोकरीत असताना कधी केलं नाही ते केलं, म्हणणं मान्य केलं. साक्षीदार म्हणून सहीला कागद हिच्यापुढे ठेवला. तिने नीट वाचला, सही केली, आणि खाली शेऱ्याची जागा कोरी होती तिथे मुलांच्या वह्यांवर लिहिते त्या लाल शाईने एक ओळ लिहिली. तो कागद आता शोकेसमध्ये आहे, काट्याच्या जागी. ओळ अशी आहे : 'झाकण एक किलो आठशे. उचलले. स्वयंपाकघर परत दिले.'